टोल माफ, पाट्याचं बिल चालू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईच्या नाक्यांवरच्या टोलमाफीवरची वाचकांची पत्रं मी नेमाने वाचतो. बहुतेक कारवाल्यांची असतात. मी दोन छोट्या टेम्पोंचा मालक. एक स्वतः चालवतो, दुसरा भाच्याकडे आहे. राहायला ठाण्यातल्या बाळकुमला, आणि एकोणीस वर्षं घोडबंदर रोडवर भाडी मारतोय.

माझ्याकडे एक लांबट वही आहे, वाण्याकडे उधारीला असते तशी, लाल कापडी बांधणीची. तीत रकाने आखलेत: डिझेल, ऑइल, टायर, पासिंग, विमा, चहापाणी (कोणाचं ते विचारू नका) आणि पाटे, म्हणजे चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. सुरुवातीच्या वह्यांत 'पाटे' हा रकानाच नाही, तो खर्च 'किरकोळ'मध्ये जायचा. गेल्या पावसाळ्यात एकट्या माझ्या टेम्पोचे मागचे पाटे दोनदा बदलले.

दुसऱ्या वेळी मानपाड्याहून मीरा रोडला एका कुटुंबाचं घरसामान नेत होतो. पुढे कंटेनर, मुंगीच्या पावलाने वाहतूक, वरून पाऊस. कंटेनरची चाकं पाण्यातून आरामात गेली म्हणून मीही घातला. खाडकन आवाज झाला आणि टेम्पो डावीकडे बसला. कपाटाचा आरसा गेला. त्या घरच्या वहिनी काही बोलल्या नाहीत, उशीच्या अभ्र्यात काचा गोळा करत राहिल्या. ते मला जास्त लागलं. पाटा, बुश, मजुरी मिळून ३,८०० रुपये, आरशाचे १,५००, आणि दिवस बुडाला तो वेगळा.

तक्रार करायला गेलो. पहिल्या कार्यालयात म्हणाले, तो रस्ता आमच्याकडे नाही. दुसरीकडच्या साहेबांनी विचारलं, खड्डा पुलाच्या अलीकडे की पलीकडे? म्हटलं, बरोबर पुलाखाली. मग म्हणे तिसरीकडे जा. तिसरीकडे जेवणाची सुट्टी होती. ती संपेपर्यंत थांबलो असतो तर दुपारचं भाडं गेलं असतं.

आता टोलचं. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. माझ्या मेहुण्याने दुसऱ्या दिवशी पेढे आणले. मुलुंडच्या नाक्यावर त्याचे ४५ रुपये वाचायला लागले होते. मीही पेढा खाल्ला. पण टोल वसूल करणाऱ्या कंत्राटदाराला सरकारने भरपाई द्यायची आहेच. ती सर्वांच्या करातून जाणार, म्हणजे कधीच मुंबईत गाडी न नेणाऱ्या मुरबाडच्या शेतकऱ्याच्याही. टोल गेला, बिल राहिलं, फक्त पत्ता बदलला.

आणि आपण भरतो ते कमी आहे का? केंद्राने २०१८ च्या अर्थसंकल्पात पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे ८ रुपयांचा रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर लावला. नावात 'पायाभूत सुविधा' आल्यामुळे तो पैसा रस्त्याशिवाय इतर कामांनाही जाऊ शकतो. राज्याने २०१५ मध्ये दुष्काळासाठी लिटरमागे २ रुपये वाढवले. २०१७ मध्ये हायवेलगतची दारूची दुकानं बंद झाल्यावर महसूल घटला, तेव्हा पेट्रोलवर ३ रुपये चढवले. म्हणजे दारूचा तोटा स्कूटरवाल्याने भरला! गाडी घेताना एकरकमी कर भरतो तो वेगळाच. यातला कुठला रुपया घोडबंदरच्या डांबरापर्यंत पोचला, हे कुठल्याच पावतीवर लिहिलेलं नसतं.

पूर्वी ठाण्यात जकात होती, २०१३ पर्यंत. त्या नाक्यांवरच्या रांगा आणि तिथलं सगळं मी पाहिलंय, ते दिवस परत नकोत. पण शहरात माल उतरला की शहराच्या तिजोरीत काहीतरी पडायचं. न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे निघालेला कंटेनर ठाण्यात ना माल उतरवतो, ना चहा पितो. रस्ता तेवढा दाबून जातो.

हे दाबणं किती असतं, ते मला एका गिऱ्हाइकाने शिकवलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. कोलशेतहून डोंबिवलीला त्यांचं सामान हलवत होतो. लिफ्ट बंद पडली, दोघं खोक्यांवर बसलो. त्यांनी खिशातलं पेन काढून पुस्तकांच्या खोक्यावरच गणित मांडलं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोजमाप केलं होतं. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरच्या, वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, तर नुकसान सोळापट. तुमच्या मागच्या एक्सलवर टनभर धरा, म्हणाले, आणि मोठ्या ट्रकच्या एका एक्सलवर दहा टन. किती झालं? मी म्हटलं, दहापट. ते हसले आणि खोक्यावर एकावर चार शून्यं काढली. दहा हजारपट.

पुढे म्हणाले, २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. ऐकायला सव्वा टन. याच हिशेबाने नुकसान साठ टक्क्यांनी वाढलं. ट्रकवाल्याचा फायदा झाला, फेऱ्या कमी झाल्या, हेही खरं. पण तेव्हा खालचा रस्ता कोणी साठ टक्के जाड केला नाही. आणि हे सगळं कायद्यातल्या वजनाचं. खडीचे डंपर वरपर्यंत टिच्चून भरून जातात, त्यांचं काय सांगू? ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असं कायदा सांगतो. वजनकाट्यावर उभा केलेला डंपर मी मात्र क्वचितच पाहिला.

म्हणून माझं म्हणणं असं, की रस्त्याचे पैसे वजनावर आणि किलोमीटरवर घ्यावेत. आज माझ्यासारख्या छोट्या गाड्यांचा कर ठरतो गाडीच्या किमतीवर. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या मालगाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आला. गाडी रोज दीडशे किलोमीटर पळो की दारात उभी राहो, कर तोच. फास्टॅग प्रत्येक ट्रकच्या काचेवर आहेच, वजनकाटे बसवायला अवघड ते काय? यात माझा स्वार्थ आहे, हलकी गाडी माझी आहे, हे कबूल.

घरी हे बोललो तर बायको म्हणाली, मग ट्रकवाला भाडं वाढवेल आणि भाजी महागेल. महागेल थोडी. पण आजही ती पैसे देतेच आहे, फक्त पाट्याच्या रकान्यातून. मी ते ३,८०० रुपये शेवटी भाड्यातच काढतो ना? खराब रस्त्याची किंमत भाजीवाल्यापासून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतेच, नुसती दिसत नाही.

भाच्याने यंदा इलेक्ट्रिक टेम्पो बुक केलाय. त्याचं मोठं कौतुक चाललंय. डिझेल नाही, म्हणजे लिटरमागचा उपकरही नाही. इलेक्ट्रिक कारना तर ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूचा टोलही माफ, जिथे इतर कारना एका फेरीला २५० रुपये पडतात. धूर नको म्हणून सवलत, ठीक आहे. पण बॅटरीची गाडी हवेतून जात नाही. अशा गाड्या वाढतील तसा पेट्रोलपंपावरून येणारा रस्त्याचा पैसा आटत जाणार, आणि मग उरलेल्या डिझेलवाल्यांच्याच मानेवर बसणार. मी भाच्याला म्हटलं, तूही भर. तो म्हणाला, मामा, आधी गाडी तर येऊ दे.

पण नुसता पैसा गोळा करून भागणार नाही, तो त्याच रस्त्याच्या नावाने ठेवावा लागेल. नव्या पुलाला कोनशिला बसते, फीत कापली जाते. मे महिन्यात भेगांत डांबर भरणं आणि कडेचं गटार मोकळं करणं, याला कोणी हार घालत नाही. खरं म्हणजे रस्ता तिथेच वाचतो. भेगेतून पाणी आत शिरलं की खालची खडी सैल होते, आणि मग आपण जुलैत भर पाण्यात पेव्हर ब्लॉक टाकत बसतो. दोन दिवसांत ते ब्लॉक उखडून दुचाकीवाल्यांच्या चाकाखाली येतात.

दर दोन किलोमीटरवर एक पाटी लावा. रस्ता कोणाच्या ताब्यात, डांबर कधी पडलं, कंत्राटदाराची जबाबदारी कधीपर्यंत, या वर्षी देखभालीला किती आले आणि किती खर्चले. पुलाखालच्या तुकड्याचंही नाव त्यावर असू द्या.

माझ्या टेम्पोचा वजनाप्रमाणे जो आकडा निघेल तो मी भरीन. नव्या वहीत 'पाटे'च्या शेजारी 'रस्ता' असा रकाना आखून ठेवलाय. रुंदीला 'पाटे'पेक्षा निम्माच घेतलाय.

आपला,
एक टेम्पोमालक
बाळकुम, ठाणे