पारा काढायचाय, पण घाई कशाला?

संपादक महोदय,
हल्ली ‘होलिस्टिक’ (दातांसोबत सगळ्या शरीराचा विचार करतो म्हणणाऱ्या) डेंटिस्टच्या जाहिरातींमध्ये दातात भरलेली जुनी चांदी (म्हणजे पारा मिसळलेलं धातूचं फिलिंग, अमाल्गम) काढून टाका, शरीरातलं विष जाईल असं सर्रास सांगतात. त्या चांदीत साधारण निम्मा पारा असतो हे खरंच आहे आणि युरोपियन युनियनने २०२५ पासून ती भरायलाही जवळपास बंदी घातलीय, पण म्हणून धडधाकट फिलिंग उकरून काढायचं का? अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२०मध्ये स्पष्ट सांगितलंय की फिलिंग चांगलं असेल तर वैद्यकीय गरजेशिवाय काढू नका, कारण काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते, वर दाताचा चांगला भागही थोडा जातोच. फुटलं, खाली कीड लागली तर काढावंच लागतं, ते वेगळं. मग मात्र डॉक्टरांना आधी विचारा, रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा) लावणार का, जोरदार सक्शन आणि पाण्याचा फवारा सतत चालू ठेवणार का, आणि सगळं ड्रिलने भुगा करण्याऐवजी मोठे तुकडे करून काढणार का. तो काढलेला कचरा बेसिनमध्ये सोडतात की वेगळा गोळा करतात हेही विचारा (हे कुणीच विचारत नाही!). गरोदर बायकांनी तर तातडीचं नसेल तर थांबावं. आणि चांदी काढली की थकवा, डोकेदुखी सगळं जाईल असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सरळ दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.
– एक वाचक