कोअर वाढवले तरी स्क्रीन अडकतेच: तुमच्या वेट स्टॅटिस्टिक्स रिपोर्टबद्दल तक्रार

प्रति,
डेटाबेस सपोर्ट टीम

नमस्कार,

आमचा एसक्यूएल सर्व्हर तुम्ही सांभाळता म्हणून हे तुम्हालाच लिहितोय. गेले दोन महिने रोज सकाळी अकराच्या सुमारास ऑर्डरची स्क्रीन अडकते, सेव्ह दाबलं की नुसतं चक्र फिरत राहतं, आमची माणसं फोनवरच्या ग्राहकाला "जरा थांबा" म्हणत बसतात आणि सहा-सात मिनिटांनी आपोआप सगळं सुटतं. तीन तिकिटं टाकली, तिन्ही तुम्ही "सोडवलं" म्हणून बंद केलीत, आणि त्रास आजही तसाच आहे.

तुमच्या वेट स्टॅटिस्टिक्स रिपोर्टमध्ये, म्हणजे सर्व्हरमधली कामं कशासाठी किती वेळ थांबली त्या हिशोबात, होतं की वेट्समध्ये सीएक्सपॅकेट नावाचा वेट सगळ्यात वर आहे, म्हणजे सीपीयू कमी पडतोय, तर कोअर वाढवा आणि मॅक्सडॉप (एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेलं एक काम, जास्तीत जास्त किती कोअरवर चालेल ती सेटिंग) 1 करा. विश्वास ठेवून दोन्ही केलं. पण मॅक्सडॉप 1 केलं की एक क्वेरी एकाच कोअरवर चालते, मग महिनाअखेरच्या रिपोर्टला ते वाढवलेले कोअर काय कामाचे? जो रिपोर्ट 12 मिनिटांत यायचा तो आता 40 मिनिटं घेतो, आणि अकराचं अडकणं जिथल्या तिथं.

शेवटी मीच बसून शोधलं. वेट स्टॅट्सच्या व्ह्यूमधले (सर्व्हर हे वेट दाखवतो त्या यादीतले) आकडे सर्व्हर शेवटचा सुरू झाला तेव्हापासूनची बेरीज असते. आमचा सर्व्हर तीन महिन्यांपूर्वी रीस्टार्ट झालेला, म्हणजे तुम्ही आम्हाला तीन महिन्यांची बेरीज दाखवलीत, त्यात रात्रीचे मोठे रिपोर्टही आले. मोठी क्वेरी अनेक थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या तुकड्यांवर) वाटून चालली की थ्रेड एकमेकांसाठी थांबतात आणि ते सीएक्सपॅकेटमध्ये जमा होतं, चांगल्या चाललेल्या सर्व्हरवर पण दिसतं. त्या ढिगात आमची रोजची सात मिनिटं कुठं दिसणार? शिवाय यादीत लेझीरायटर-स्लीप होतं, तो तर काम नसताना नुसता झोपलेला थ्रेड, तोही टक्केवारीत धरलाय!

मी काय केलं ते सांगतो. 10:50 ला त्या व्ह्यूची एक कॉपी टेबलमध्ये ठेवली, 11:10 ला दुसरी, आणि वजाबाकी केली, बस्स. सगळ्यात वर आलं एलसीके-एम-आयएक्स, म्हणजे टेबलमध्ये बदल करण्याआधी लागणाऱ्या आयएक्स लॉकसाठी थांबणं, वीस मिनिटांत दोन तासांपेक्षा जास्त वेट. घड्याळापेक्षा जास्त वेट कसा हे मला पण आधी कळेना, मग लक्षात आलं की वीस जण प्रत्येकी सहा-सात मिनिटं थांबले की तेवढंच होतं. आणि सिग्नल वेट, म्हणजे थ्रेड तयार आहे पण सीपीयू मिळत नाही म्हणून थांबलेला वेळ, तो एकूण वेटच्या 2 टक्के पण नाही. सीपीयू कमी पडत नव्हताच हो, तो रिकामा होता!

दुसऱ्या दिवशी ऐन अडकलेल्या वेळी वेटिंग टास्क्स (त्या क्षणी थांबलेल्या कामांची यादी) बघितले, कारण चालू असलेला वेट वरच्या बेरजेत येतच नाही, तो संपल्यावरच येतो. सगळ्या रांगेचं मूळ एकच सेशन (सर्व्हरला जोडलेलं एक कनेक्शन) निघालं, 87 नंबरचं, आणि त्याचं लॉगिन तुमच्या मेंटेनन्स जॉबचं. जुन्या ऑर्डरी पुसणारा तो जॉब सगळ्या ओळी एकाच डिलीटमध्ये उडवतो. एका स्टेटमेंटने एकाच टेबलवर साधारण 5000 लॉक घेतले की एसक्यूएल सर्व्हर ते सुटे लॉक सोडून अख्ख्या टेबललाच लॉक लावायला बघतो, मग नवीन ऑर्डर टाकणाऱ्याला टेबलवर आयएक्स लॉक हवा असतो तो मिळत नाही आणि तो दारातच उभा राहतो. तुमच्याच जॉबमुळे आमचं काम थांबत होतं आणि हार्डवेअर आम्ही वाढवलं, याचं खूप वाईट वाटतं. वीस मिनिटांचा फरक काढायला तुमच्या टीमला काय अवघड होतं, तिकिटात तर मी अकराची वेळ तिन्ही वेळा लिहिली होती.

आता तो डिलीट दोन-दोन हजार ओळींच्या तुकड्यांत करा, प्रत्येक तुकड्याला वेगळं कमिट (बदल पक्का करणं), आणि वेळ रात्रीची ठेवा. मॅक्सडॉप आधी होतं तसं करा. जादा कोअरचं बिल तुमच्या चुकीच्या निदानामुळे आलंय, ते परत मिळालं पाहिजे. आणि यापुढे रिपोर्ट पाठवताना कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंतचे आकडे आहेत ते वरतीच लिहा. दोन्ही कॉप्या, वजाबाकी आणि 87 नंबरच्या सेशनचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत.

जॉब मी स्वतः बंद केलेला नाही, करारानुसार तो तुमच्याकडे आहे. तेवढा उद्या अकराच्या आत थांबवा, बाकीचं लेखी उत्तर आठवड्याभरात द्या.

आपला,
तीन तिकिटं टाकलेला ग्राहक