घर असताना गाडीत कशाला?

सेतेनिल, स्पेन
१२ जानेवारी

ती. बाबा आणि ती. आई यांना,
शि. सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "चांगलं घर असताना गाडीत कशाला झोपायचं?" मी तोंड उघडणार तोच डोंगर आडवा आला आणि रेंज गेली. खरं सांगू, बरंच वाटलं. आता सवडीने लिहिते. आई, तूच मोठ्याने वाच, बाबांना चष्मा सापडेपर्यंत पत्र शिळं होईल.

मालागाला उतरून आम्ही ही व्हॅन भाड्याने घेतली. आत दोन माणसांपुरती गादी, दोन बर्नरची शेगडी आणि तुझ्या देवघराएवढा ओटा. इथे नीट जागा बघून गाडी उभी केली आणि आत झोपलं, तर बहुतेक ठिकाणी कुणी काही म्हणत नाही. पण बाहेर खुर्च्या मांडल्या किंवा छत ओढलं, की तो मुक्काम ठरतो आणि दंड बसू शकतो. त्यामुळे चहा आतच, गुडघ्याला गुडघा लावून.

गावं सगळी चुन्याने पांढरी केलेली आणि डोंगराच्या टोकाला चढून बसलेली. बऱ्याच नावांच्या शेवटी 'दे ला फ्रोंतेरा' येतं, म्हणजे सरहद्दीवरचं. १४९२ साली ग्रानादा पडेपर्यंत मुसलमानी आणि ख्रिस्ती राज्यांची हद्द इथूनच जायची, म्हणून घरं अशी गडासारखी. गल्ल्या गाढवाच्या मापाच्या. आर्कोसमध्ये नकाशाच्या नादाने आम्ही वर शिरलो आणि दोन्ही आरसे मिटूनही पुढे सरकेना. मग एका आजोबांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि हातवारे करत आम्हाला मागे मागे खालपर्यंत आणलं. पसरणी घाटात बाबा एसटीला मागे घ्यायला लावायचे, तोच आविर्भाव. तेव्हापासून गाडी खाली ठेवायची आणि वर पायी जायचं, असा नियम केलाय.

रोंदाला दरीवर एक पूल आहे, ९८ मीटर उंच. नाव 'नवा पूल', पुरा झाला १७९३ साली! पुण्याच्या नव्या पुलाची आठवण झाली. त्याच्या आधीचा पूल १७४१ मध्ये कोसळला होता, हे यांनी मला नेमकं पुलाच्या मधोमध सांगितलं.

आता ग्राझालेमा. फोनवर मी "एकदम मजेत" म्हणाले होते ना, ते खोटं होतं. हे गाव म्हणजे स्पेनचं महाबळेश्वर. अटलांटिकवरून येणारे ढग पहिले इथल्या डोंगरावर आपटतात, त्यामुळे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. (बाबा, महाबळेश्वर याच्या दुपटीहून पुढे आहे, छाती फुगवायला हरकत नाही.) आम्ही पोचलो तेव्हा मात्र आकाश निरभ्र होतं आणि रात्री पारा शून्याखाली गेला. पहाटे तीनला हीटर बंद. शेगडीही पेटेना. सिलिंडर हलवला तर अर्धा भरलेला! आतल्या काचांवरून पाणी ओघळत होतं, पांघरुणाची कड ओली. दोघं सगळे कपडे अंगावर चढवून उजाडायची वाट बघत बसलो, आणि इथे जानेवारीत साडेआठशिवाय उजाडत नाही.

सकाळी शेजारच्या व्हॅनमधल्या जर्मन आजोबांनी उलगडा केला. सिलिंडरमध्ये ब्यूटेन होता. शून्याच्या आसपास त्याचा वायूच होत नाही, आतल्या आत द्रवच राहतो. थंडीत प्रोपेन लागतो, तो उणे चाळीसपर्यंत थंडीला दाद देत नाही. गाडी देणाऱ्याने हे सांगायला हवं होतं, पण विचारायला आम्हालाही सुचलं नव्हतं. आजोबा चौऱ्याहत्तरचे, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. दर हिवाळ्यात नवरा-बायको तीन महिने असेच हिंडतात.

गारठलेल्या आम्हाला चीजच्या दुकानातल्या बाईंनी आत बोलावलं. इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, थंडीत आत तळघरासारखा गारवा. त्यावर यांचा उपाय भारी आहे. गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारं जाड कापड आणि खाली शेगडी. पूर्वी कोळशाची असायची, आता विजेची. कापड मांडीवर ओढून घ्यायचं, की कमरेखाली उन्हाळा. बाईंनी 'मिगास' खाऊ घातलं. आई, शिळ्या पावाचा चुरा भरपूर तेलात, लसणावर परतलेला. मोहरी-हळद नाही, एवढंच. फोडणीचा पावच की! मी दोनदा घेतलं.

आज सेतेनिलला आहोत. इथे डोंगराच्या कपारीखाली घरं आहेत. पुढची भिंत तेवढी बांधायची, छप्पर म्हणजे वर आलेला अख्खा खडक. नदीच्या एका काठाच्या गल्लीचं नाव 'उन्हाच्या गुहा', दुसरीचं 'सावलीच्या गुहा'. उन्हातल्या बाकावर बसून लिहितेय.

बाबा, या सगळ्या गावांत एक गोष्ट सारखी दिसते. चढाच्या गल्लीत भिंतीला लोखंडी कठडा ठोकलेला. झाहारात एक आजी त्याला धरून, दुसऱ्या हातात पावाची पिशवी घेऊन चढत होत्या. मध्ये थांबल्या, शेजारणीशी गप्पा मारल्या, पुन्हा चढल्या. कठड्याचा वरचा रंग हातांनी पार उडून गेलेला. मला आपला माडीचा जिना आठवला, आणि तुमचा तो दोर. "आजोबा याच दोराला धरून चढायचे" हे ठाऊक आहे मला. गणपतीत तुम्ही त्याच दोरासकट तीन पायऱ्या घसरलात, हेही. आईने सांगितलं. तिच्यावर चिडू नका, मी तुम्हाला ग्राझालेमाचं सांगितलं नव्हतं, तुम्ही मला जिन्याचं, फिटंफाट.

गाडीत कशाला, याचं उत्तर राहिलंच. ते मलाही नीट सांगता येत नाही. सकाळी दार सरकवलं की खाली ऑलिव्हच्या बागा असतात, माणसं काठ्यांनी झाडं झोडत असतात, फळं जाळ्यांवर पडत असतात. चहा होईपर्यंत ते बघत बसायचं. हॉटेलात हे नाही मिळत.

सुताराशी बोलले आहे. गुरुवारी सकाळी येईल, कठडा सागवानी करायला सांगितलाय, दोन्ही बाजूंनी. पैसे दिलेत, तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवू नका. दोर राहू द्या हवा तर.

तुमची,
धाकटी