चार ओळींत देसार्ग

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला भूमितीवरचा लेख वाचला. बिंदूंना निर्देशक (स्थान सांगणारे आकडे) द्यावेत, समीकरणे मांडावीत, उत्तर हमखास येते, हे लेखकाचे म्हणणे खोटे नाही. पण प्रमेय खरे का आहे, ते त्या आकडेमोडीत हरवते.

देसार्ग या फ्रेंच गणितज्ञाचेच प्रमेय घ्या. कखग आणि चछज या त्रिकोणांचे जोडीचे शिरोबिंदू सांधणाऱ्या तिन्ही रेषा म बिंदूत मिळत असतील, तर जोडीच्या बाजूंचे तीन छेदनबिंदू एकरेषीय असतात. निर्देशकांनी करायला बसा: नऊ रेषांची समीकरणे, आणि एक ऋणचिन्ह सुटले की पान फाडा. शिवाय एखादी जोडी समांतर निघाली तर तो प्रकार वेगळा.

त्याऐवजी कागदाच्या प्रतलाबाहेर आदिबिंदू धरा आणि तिथून प्रत्येक बिंदूकडे जाणारा सदिश, म्हणजे दिशा आणि लांबी असलेला बाण, घ्या. सदिश लांबवला, आखडला वा उलटा केला, तरी तो दाखवतो बिंदू तोच. म्हणून लांब्या सोयीने निवडून क + च = ख + छ = ग + ज = म असे लिहिता येते (इथे अक्षर म्हणजे त्या बिंदूचा सदिश). मग क − ख = छ − च. समीकरणाची डावी बाजू कख रेषेवरचा बिंदू दाखवते, उजवी चछ रेषेवरचा. अर्थात हा त्यांचा छेदनबिंदू. तसेच ख − ग आणि ग − क. तिघांची बेरीज शून्य, म्हणजे तिन्ही बाण एकाच प्रतलात; ते प्रतल कागदाला एका रेषेत छेदते, म्हणून तिघे एका रेषेत. झाले! बाजू समांतर असल्या तरी यातले एक अक्षर बदलत नाही.

या विचाराचा पाया हेर्मान ग्रासमान या श्टेटिनच्या (आता पोलंडमधल्या) शाळामास्तराने १८४४ साली एका ग्रंथात घातला. बिंदूंना वजने देऊन त्यांची बेरीज १८२७मध्येच करणाऱ्या मोबियस या जर्मन गणितज्ञानेसुद्धा ग्रासमानच्या या ग्रंथाचे परीक्षण लिहायला नकार दिला. न खपलेल्या प्रती पुढे रद्दीत गेल्या. ग्रासमान मग संस्कृतकडे वळला; १८७३ ते १८७५ या काळात निघालेला त्याचा ऋग्वेदाचा कोश वेदाभ्यासक आजही उघडतात. गणिताच्या वर्गात मात्र हे नाव क्वचितच निघते. परीक्षेत येत नाही ना!

पप्पसचे प्रमेय (दोन रेषांवर तीन-तीन बिंदू घेऊन ते आडवेतिडवे सांधले की मिळणारे तीन छेदनबिंदू एकरेषीय असतात) इतक्या स्वस्तात सुटत नाही, हेही सांगायला हवे. तिथे तीन सदिशांचा निश्चयक, म्हणजे त्यांच्या घटकांवरून ठरणारी एक संख्या, [कखग] अशी कंसात लिहून वापरावी लागते. ती शून्य असेल तर बिंदू एकरेषीय. बारावीच्या मुलांना सदिश आणि निश्चयक दोन्ही येतात. तेव्हा पुरवणीत एखाद्या रविवारी पप्पसची ही सिद्धता सविस्तर द्यावी. आकृती मात्र मोठी छापा, नऊ बिंदू आहेत.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा