स्पॅनिश मराठीतून शिकवावी

मा. संपादक यांस,
स. न.

परदेशी भाषा शिकू पाहणाऱ्या जिल्ह्याच्या गावांतील मुलामुलींना 'आधी इंग्रजी पक्के करा, मग पुढच्या भाषेकडे वळा' असा सल्ला सर्रास दिला जातो. स्पॅनिशपुरता तरी हा सल्ला मला चुकीचा वाटतो, आणि तो का, हे स्वानुभवावरून सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी साताऱ्यातील एक निवृत्त मराठी शिक्षिका. मुलीच्या नोकरीच्या निमित्ताने इक्वेडोरची राजधानी कितो येथे दहा महिने राहण्याचा योग आला. निघण्यापूर्वी एका ऑनलाइन वर्गात मी दोन महिने स्पॅनिशचे धडे घेतले होते आणि ते सारे शिकवणे इंग्रजीतून होते. 'मे गुस्ता एल मांगो' या वाक्यापाशी आमचा अख्खा आठवडा गेला. इंग्रजीत ज्याला आवडते तो माणूस कर्ता असतो, येथे मात्र आंबा कर्ता आहे, तेव्हा वाक्य मनात उलटे करून घ्या, असे शिक्षक आकृत्या काढून सांगत आणि मीही मुकाट्याने वाक्य उलटे करीत असे. वास्तविक ते वाक्य म्हणजे सरळसरळ 'मला आंबा आवडतो' एवढेच आहे. आंबा कर्ता, क्रियापद आंब्याप्रमाणे, आणि आंबे अनेक झाले की 'आवडतात' तसे 'गुस्तान'. तीस वर्षे मुलांना कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवूनही हे माझ्या ध्यानात आले नाही, कारण मध्ये इंग्रजी उभी होती.

ते ध्यानात आले कितोमध्ये, आणि तेही डोकेदुखीमुळे. कितो समुद्रसपाटीपासून सुमारे २८५० मीटर उंचीवर, पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारालगत वसले आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या दुपटीहून थोडे अधिकच उंच. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही २१ टक्केच असते, परंतु हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने पाऊणपटीहूनही कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा प्राणवायू घटतो. पहाटे अजिंक्यतारा चढून येण्याचा मला अभिमान होता. तो दुसऱ्या मजल्यावर सामान नेतानाच उतरला. मी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज चार तासांची शिकवणी ठरवून ठेवली होती आणि तो निव्वळ मूर्खपणा होता. धडा मोठ्याने वाचताना वाक्य संपण्याआधी दम संपे, जिभेचे टोक थरथरवून काढायचा जोरकस 'र्र' तर निघेचना, आणि रात्री झोप तुटक असल्यामुळे सकाळी पाठ केलेले शब्द दुपारी हरवत. तिसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंनी तब्येत विचारली तेव्हा तोंडून आपसूक निघाले, 'मे दुएले ला काबेसा', डोके दुखते आहे. दुखणारे डोके कर्ता आणि मी बाजूला, हे मनात काहीही उलटे न करता जमले होते. (उंचीवर पाणी सुमारे नव्वद अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवूनही कच्ची राहते, हा दुसरा धडा त्याच दिवशी मिळाला. कुकर जरूर न्यावा.)

त्यानंतर मी एक वही केली. डावीकडे स्पॅनिश आणि उजवीकडे मराठी, इंग्रजीला प्रवेश नाही. ती भराभर भरत गेली. एकदा माझ्या हातून काचेचा पेला फुटला. 'मी पेला पाडला' असे आपण सहसा म्हणत नाही, 'माझ्या हातून पेला पडला' असे म्हणतो. स्पॅनिशमध्येही 'से मे कायो एल बासो' असेच म्हणतात आणि दोष बिचाऱ्या पेल्यावर जातो. बाईंनी काचा गोळा करता करता मान डोलावली. नुकसान झाले होते, पण व्याकरण बरोबर होते. जवळच्या माणसाला तिकडे 'तू'च म्हणतात आणि आदराने 'उस्तेद', त्यामुळे कोणाला काय म्हणावे याची पंचाईत इंग्रजीतून शिकणाऱ्याला जितकी पडते तितकी आपल्याला पडत नाही. नामाला लिंग असते आणि विशेषण त्याप्रमाणे बदलते, याचेही आपल्याला नवल नाही.

सर्वांत मोठे आश्चर्य बाजारात भेटले. 'पाव आणून द्या' यासाठी कितोकडची माणसे 'देमे कोंप्रांदो पान' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'विकत घेऊन द्या, पाव'. स्पेनमधील माणसाला हे ऐकून कोडे पडते. या प्रयोगाचे मूळ अभ्यासक अँडीज पर्वतातील किच्वा भाषेत शोधतात, आणि त्या भाषेत क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. 'करून दे', 'आणून दे' म्हणणाऱ्या माणसाला तेथील बाजारात परके वाटत नाही ते यामुळे. शिवाय डोंगराळ भागातील लोक शब्दाच्या शेवटचा 'स' स्पष्ट उच्चारतात, तर किनाऱ्यावरील ग्वायाकिलकडे तो पुष्कळदा हवेतच विरतो. नवशिक्या कानासाठी म्हणूनच मी उंचावरचे शहर सुचवीन. मात्र पहिला आठवडा दिवसाला एका तासापेक्षा अधिक शिकवणी नको, आणि हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असणाऱ्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मराठी सर्वत्र उपयोगी पडते असा माझा दावा नाही. 'असणे' यासाठी स्पॅनिशमध्ये 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. 'बर्फ थंड असतो' (सेर) आणि 'आमटी थंड आहे' (एस्तार) या भेदावरून थोडे अंतर कापता येते, पण 'मी शिक्षिका आहे' येथे येताच ती वाट बंद होते, कारण तेथे 'सेर'च लागते. लिंगेही जुळतीलच असे नाही. चंद्र तिकडे स्त्रीलिंगी आणि नदी पुल्लिंगी. माहुलीच्या संगमावर वाढलेल्या मला कृष्णामाईचा उल्लेख 'एल रीओ' असा करणे शेवटपर्यंत जड गेले.

माझी सूचना एवढीच आहे. वीस देशांची राजभाषा असलेली ही भाषा सातारा-सांगलीकडच्या मुलांना शिकवायची असेल, तर शिवाजी विद्यापीठाने आणि परदेशी भाषांचे वर्ग चालवणाऱ्या संस्थांनी निदान प्राथमिक पातळीवरचे व्याकरण मराठीतून समजावून द्यावे आणि त्यासाठी शंभरेक पानांची मराठी-स्पॅनिश तुलनात्मक पुस्तिका तयार करून घ्यावी. इंग्रजीत कच्ची म्हणून वर्गातून गळणारी मुले 'मला भूक लागली', 'मला विसर पडला' ही वाक्ये जन्मापासून बोलत आली आहेत. पुस्तिकेचे काम कोणी हाती घेणार असेल, तर माझी दोन रकान्यांची वही मी आनंदाने देईन. तिची शेवटची अकरा पाने कोरी आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा