कार्ल वीमन सर, आमच्या नववीच्या वर्गाकडून मनापासून थँक्यू

आदरणीय वीमन सर,

नमस्कार. मी सिंधुदुर्गात देवगड तालुक्यातल्या एका हायस्कूलला विज्ञान शिकवते. तुम्ही सुरू केलेल्या फेटबद्दल (PhET), म्हणजे स्क्रीनवर हाताळता येणाऱ्या विज्ञानाच्या प्रयोगांबद्दल (सिम्युलेशन), आभार मानायला हे पत्र आहे. ते मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण तुमच्यासोबत ते इकडच्या शिक्षकांनीही वाचावं असं फार वाटतं.

नववीला धाराविद्युत हा धडा आहे. मुलं ओहमचा नियम पाठ करतात, गणितं सोडवतात, मार्कही पाडतात, पण एकसर जोडणीत दोन बल्ब लावले तर दुसऱ्याला करंट किती मिळेल असं विचारलं की अर्धा वर्ग म्हणतो कमी मिळणार, थोडा पहिल्याने खाल्ला ना! ही समजूत फक्त आमच्या पोरांची नाही, जगभरातल्या मुलांमध्ये ती सापडलीय आणि नुसतं फळ्यावर लिहून ती जात नाही. बरं लॅबमध्ये दाखवावं तर खाऱ्या हवेने टर्मिनल गंजलेली, दोन अँमीटर दोन वेगळी रीडिंग देणार, म्हणजे चुकीचंच आणखी पक्कं होणार.

तुमच्या फेटमधल्या सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये वायरीतून निळे ठिपके सरकताना दिसतात, बल्बच्या आधी ज्या वेगाने त्याच वेगाने बल्बनंतर, आणि दुसरा बल्ब जोडला की पूर्ण सर्किटमधले ठिपके एकदम हळू होतात. एक मुलगी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "बाई, करंट खंयच संपणा नाय, सगळोच हळू झालो! मगे उजेड खंयसून येता?" सर, ह्या प्रश्नासाठी मी किती वर्षं थांबले होते काय सांगू. तिथून ऊर्जा आणि विभवांतर शिकवायला मला वेगळी प्रस्तावना लागलीच नाही, अख्खा वर्ग उत्तर शोधायला लागला होता.

तुम्हाला 2001 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, कॉर्नेल आणि केटरले यांच्यासोबत, ते अतिथंड अणूंवरच्या कामासाठी. त्यानंतर 2002 मध्ये तुम्ही कोलोरॅडो विद्यापीठात फेट सुरू केलंत. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने शाळा-कॉलेजातली पोरं कुठे अडतात यात आयुष्य घालावं, याचं मला खूप अप्रूप वाटतं. आणि नुसतं सॉफ्टवेअर बनवून मोकळे झाला नाहीत. मुलांना सिम्युलेशनसमोर बसवून, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगून, तुमच्या टीमने ते ऐकलं आणि त्याप्रमाणे डिझाइन बदललं. त्यातूनच कळलं की पायरीपायरीने सूचना दिल्या की मुलं तेवढंच करतात आणि थांबतात, मोकळं सोडलं तर स्वतः प्रश्न काढून शोधत जातात. म्हणून माझ्या वर्कशीटवर आता एकच प्रश्न असतो.

तुमच्या टीमचा 2005 चा अभ्यास तर प्रत्येक बी.एड. कॉलेजात चर्चेला घ्यायला हवा. काही विद्यार्थ्यांनी खऱ्या वायरी-बल्बवर प्रॅक्टिकल केलं, काहींनी फक्त सिम्युलेशनवर, आणि नंतर सगळ्यांना खरं सर्किट जोडायला दिलं तर सिम्युलेशनवाले ते जोडण्यातही आणि समजावून सांगण्यातही सरस ठरले. आता याचा अर्थ लॅबला कुलूप लावा असा कोणी काढू नये. आमच्याकडे आधी सिम्युलेशन, मग लगेच टॉर्चचे बल्ब आणि सेल हातात. वायरचा रोध वाढवला की उजेड कसा कमी होतो हे मुलांनी स्क्रीनवर बघितलेलं असतं, त्यामुळे गंजलेल्या टर्मिनलला पॉलिश पेपर मारायला ती न सांगता लागतात.

आणि हे सगळं फुकट, सर. एकदा फाइल डाउनलोड केली की रेंज नको, पावसात लाईट गेली तरी पालकांच्या साध्या स्मार्टफोनवर चालतं. आमच्या भागात याचं मोल काय ते इथल्या शिक्षकालाच विचारा.

तुमचे, फेटच्या टीममधल्या कॅथी पर्किन्स मॅडमचे आणि सिम्युलेशन मराठीत आणणाऱ्या सगळ्या अनोळखी हातांचे खूप खूप आभार. त्या मराठी शब्दांमुळे इंग्रजीला बिचकणारी मागच्या बाकावरची मुलंसुद्धा आता फोन दुसऱ्याकडे द्यायला तयार नसतात.

तुमची कायम ऋणी,
देवगड तालुक्यातली एक विज्ञान शिक्षिका