दुखत नाही म्हणून राहू दे?

शिकागो

प्रिय ताईस,
सा. न.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "छातीत बारीकशी गाठ लागतेय, पण दुखत नाही, बघू सवडीने." आजूबाजूला सगळे होते म्हणून मी गप्प बसले. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, काढणं हे माझं रोजचं काम. गेल्या आठवड्यात एक कृष्णवर्णीय बाई आली, त्रेचाळिशीची. घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्यांचं करते. दोन बस बदलून आली होती. मशीनपुढे उभी राहीपर्यंत मोबाइल मुठीत घट्ट. रजा घेतली की पगार बुडतो, पुढचं घर वेळेवर गाठायचं होतं. पहिल्या तपासणीत काहीतरी दिसलं म्हणून तिला पुन्हा बोलावलं, त्याला चार महिने झाले होते. म्हणाली, "दुखत नव्हतं हो." अगदी तुझेच शब्द, ताई.

इथे गोऱ्या बायकांपेक्षा कृष्णवर्णीय बायकांना स्तनाचा कॅन्सर किंचित कमीच होतो, पण त्याने मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सुमारे ३८ टक्के जास्त. लोक म्हणतात, त्यांच्या रक्तातच आहे. थोडं खरंही आहे: हार्मोनच्या गोळ्यांना दाद न देणारा 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकार त्यांच्यात दुपटीने आढळतो. पण १९८० च्या सुमारापर्यंत दोघींचा मृत्युदर जवळपास सारखाच होता! मग मॅमोग्राम आले, टॅमॉक्सिफेन हे हार्मोनच्या गोळ्यांचं औषध आलं. ज्यांना ते वेळेवर मिळालं त्या वाचत गेल्या, आणि दरी पडली. एवढ्या वर्षांत रक्त थोडंच बदलतं?

आपली गत वेगळीच. इथल्या आकड्यांत चिनी, फिलिपिनो, भारतीय सगळ्या 'एशियन' या एकाच रकान्यात. तिथला आकडा लहान दिसतो, म्हणून आपल्या बायका निर्धास्त. पण तो वाढतोय, आणि पन्नाशीच्या आतल्यांत जास्त वेगाने. भारतात तर हा आजार पाश्चात्त्य बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. तू सेहेचाळीसची आहेस.

बहुतेक गाठी साध्याच निघतात, तुझीही तशीच असेल. पण दुखत नाही यावरून ते कळत नाही. डॉक्टरांना दाखव, सोनोग्राफी, मॅमोग्राम सांगतील ते कर. सुईने तुकडा काढायचा म्हणाले तर घाबरू नकोस. सुई लावली की पसरतो हा निव्वळ गैरसमज आहे. भाऊजींना सांगायला संकोच वाटत असेल तर मी बोलते त्यांच्याशी.

रविवारी फोन करीन, तेव्हा कोणत्या तारखेला जाणार आहेस ते सांग.

तुझी,
धाकटी